शिम

दोन वर्षं झाली, शेवग्याखाली
चार ठोकळ्यांवर उभी आहे ती.
मी जीप म्हणतो. मच्छ्यातले लोक सांगाडा म्हणतात.
चंदगडच्या रेडेकरांच्या काजू कारखान्यातून आणली
तेव्हा मागच्या सीटखाली निघाली दीड किलो टरफलं
आणि उंदराचं एक घर,
माझ्या वायरिंगपेक्षा नीट बांधलेलं.

पासिंग कोल्हापूरचं. एन.ओ.सी.साठी चार खेपा.
इथल्या ऑफिसात कारकुनानं विचारलं,
इंजिन तेच ना? चेसिस तीच ना?
तेच, म्हटलं.
बाकी काय काय तेच आहे
ते मला तरी कुठं ठाऊक होतं.

पाटे खोलले. पानापानात गंज,
निपाणीच्या जर्द्यासारखा, बोटाला लागून राहणारा.
ब्रेक बोलेरोचे घातले. स्टिअरिंग बॉक्स
मडिवाळप्पाच्या भंगारातून,
तो भाव कन्नडात करतो
आणि शिव्या मराठीत देतो, अगदी स्वच्छ उच्चारात.
आनंदी रोज विचारते,
हिला घेऊन जायचं कुठं?
मी म्हणतो, कणकुंबीला.
कणकुंबीला बस जाते, ती म्हणते.

राहिला होता तो आवाज.
मधल्या पेटीतून, ट्रान्सफर केसमधून येणारा,
तिसऱ्यात सुरू होऊन चौथ्यात वाढणारा.
धाकलूमामा पलटणीत एम.टी. ड्रायव्हर होता.
आता माणसांचं बोलणं त्याला ऐकू येत नाही.
त्यानं स्क्रू-ड्रायव्हरचं पातं केसवर टेकवलं,
मूठ कानामागच्या हाडाला लावली
आणि म्हणाला, रडायलीय बघ. पोटात रडायलीय.

खोलली.
शेवटच्या बोल्टापर्यंत माझा हात जाईना.
रेणूचा गेला.

मागच्या टोपणाखाली तीन शिम.
दोन कंपनीच्या. तिसरी पत्र्याची,
तेलाच्या डब्यातून कात्रीनं कापलेली,
भोकांच्या कडा घासून गुळगुळीत केलेल्या.
वर लाल रंगात अर्धं अक्षर.
रेणू कन्नड शाळेतली. तिनं पत्रा उजेडाला धरला:
'एण्णे'तला 'ण्णे' असावा, पप्पा.
मग न सांगताच मायक्रोमीटर घेतला.
दहा थाऊ.
पुन्हा मोजलं.
दहा. रंग धरून.

उद्यमबागेत सव्वीस वर्षं मी लेथवर काढली.
दहा थाऊ म्हणजे काय ते मला कळतं.
कुणी असेल तो,
संकेश्वरच्या की हुक्केरीच्या रस्त्यावरचा,
रात्री गाडी अडलेली, शिम कुठंच मिळत नाही,
बायकोनं धुऊन पालथा घातलेला डबा
त्यानं उचलला असेल.
मोजायला काय होतं त्याच्याकडं?
नख असेल.

रडत होती ती शिम नव्हे.
बेअरिंगचा एक रोलर खवल्यासारखा सोललेला.
नवी बेअरिंग बसवली, शाफ्टची हालचाल पुन्हा तपासली,
पुन्हा तेवढीच जाडी हवी होती.
पुण्याहून आलेलं नव्या शिमचं पाकीट
फळीवर तसंच आहे, न फोडलेलं.
मामा म्हणाला, नवी घाल की बा, पैसे मोजल्यास.
त्याला ऐकू येणार नाही म्हणून
मी काहीच उत्तर दिलं नाही.

काल संध्याकाळी पुढचा ॲक्सलही ठोकळ्यांवर चढवला,
हब फिरवून लॉक केले.
इंजिन सुरू. मोठा गिअर पडला.
मग ती बारकी काठी,
रेडेकरांच्या ड्रायव्हरनं वीस वर्षांत न शिवलेली,
ओढली.
अडली. क्लच दाबून पुन्हा ओढली.

डावं चाक फिरलं.
शेजारची कोंबडी पळाली.
उजवं नुसतंच बघत राहिलं,
मग तेही, जरा मागून,
आठवून आठवून.

मामानं पातं केसवर टेकवलं, डोळे मिटले.
आता? मी खुणेनं विचारलं.
रेणूनंही विचारलं.

बराच वेळ
त्यानं स्क्रू-ड्रायव्हर कानापासून काढलाच नाही.